निषाद कुठून आला?

"हो निषाद खंयसून आयलो रे?"

काल फोंड्यात भजनाच्या तालमीत पेटीवाल्या काकांनी भाता थांबवला आणि थेट माझ्या बोटांकडे बघितलं. भूप रागातलं भजन, पेटीच्या पांढरी एकचा सा. मी गिटारवर ऐटीत सी नाईन कॉर्ड दाबून बसलेला.

काकांनी काळी पाच दाबून दाखवली. "हा बघ, कोमल नी. भूपात नी नसतोच मुळी."

म्हटलं, काका, मी तर सा-ग-पवर वरचा रे तेवढा घातलाय. पण तसं नसतं ना! नुसतं नाईन लिहिलं की कोमल निषाद न बोलावता आत शिरतो. फक्त रे हवा तर ॲड नाईन. हे मला चार वर्षं पाठ आहे. कानाला मात्र कुणी कळवलंच नव्हतं.

"नी काढ, ध घाल," काका म्हणाले.

तिसरी तार तिसऱ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर आणली. एवढंच. सा, ग, ध, रे, प. पाच तारा, पाच स्वर, अख्खा भूप! गिटारवाले याला सिक्स नाईन म्हणतात, आणि मी तो जॅझवाल्यांचा म्हणून आजवर बाजूला ठेवलेला.

काकांना गिटारवरचा एकही कॉर्ड येत नाही.

रात्री घरी तोच एक फ्रेट मागेपुढे करत बसलो. बायको म्हणाली, "बिघडलीय का ती?"

भजनाला गिटार धरणारे इथे कुणी आहेत का? भूपात तुम्ही काय वाजवता?