सगळी सारखीच वाटतात, मग ऐकायचे काय?

अमेरिकेतील डिस्कोच्या काळाविषयी, म्हणजे साधारण १९७४ ते १९८० या वर्षांत तिथल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या गाण्यांविषयी, मी कुठेही बोलले की एक प्रश्न हमखास येतो. ‘ही सगळी गाणी सारखीच वाटतात. तोच ठेका, तीच धडधड. मग त्यांत ऐकायचे काय?’ विचारणारे बहुतेक जण तयार कानाचे असतात, रात्ररात्र मैफली ऐकलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न झटकून टाकावा असा मुळीच नाही. तुम्हीही तोच विचारलात म्हणून या वेळी सविस्तर लिहिते. ठेका सारखा आहे, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. तो मुद्दाम सारखा ठेवलेला आहे, आणि तो सारखा असल्यामुळेच बाकीच्या वाद्यांना व गळ्याला किती मोकळीक मिळाली, हे ऐकण्यात माझा सगळा आनंद आहे.

आधी ठेका कसा बनतो ते पाहू. चार मात्रांच्या आवर्तनात चारही मात्रांवर बास ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, सारख्याच वजनाचा ठोका पडतो. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत वाजवणारे अर्ल यंग हे ड्रमवादक या घडणीचे एक प्रमुख शिल्पकार मानले जातात. ‘द लव्ह आय लॉस्ट’ हे १९७३ सालचे गाणे मुळात संथ लयीत बसवायला घेतले होते. लय वाढवल्यावर यंग यांनी पायाने चारही मात्रा धरल्या आणि हाय-हॅट, म्हणजे पायाच्या पट्टीने उघडझाप होणारी छोट्या झांजांची जोडी, दोन मात्रांच्या बरोबर मधल्या जागी उघडून लगेच मिटायला सुरुवात केली. ठोका खाली पडतो आणि त्याच्या पाठोपाठ हवेत एक लहानसा ‘त्स्स’ उमटतो. पुढल्या वर्षी, एप्रिल १९७४ मध्ये, त्याच स्टुडिओतील एमएफएसबी या वाद्यवृंदाचे ‘टीएसओपी’ पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा हा ‘त्स्स’ देशभर पोहोचला. नाचणाऱ्याचे पाऊल ठोक्यावर पडते, पण ते उचलले जाते या मधल्या आवाजावर. नुसता ठोका ऐकणाऱ्याला यातली निम्मी लयच कळते.

ख्याल ऐकताना तबल्याचा ठेका तासभर तोच राहिला म्हणून आपण कंटाळत नाही, कारण तो धरून गवई काय करतो याकडे आपले कान असतात. डिस्कोत मात्र एक मोठा फरक आहे. आपल्याकडे समेला वजन असते आणि सगळे तिची वाट पाहतात. इथे बास ड्रमच्या लेखी चारही मात्रा सारख्याच, त्यामुळे नाचायला येणारा माणूस कुठल्याही मात्रेवर आत शिरू शकतो आणि कधीही चुकत नाही. या उदारपणाचे मला फार मोल वाटते.

‘पण हे सगळे यंत्राचे काम’, ही त्याच प्रश्नाची दुसरी बाजू. काही वेळा ते खरेही आहे. जुलै १९७४ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले जॉर्ज मॅक्रे यांचे ‘रॉक युअर बेबी’ फ्लोरिडातील हायलिया गावच्या टीके या कंपनीत ध्वनिमुद्रित झाले, आणि हॅरी वेन केसी व रिचर्ड फिंच या दोन तरुणांनी त्याचा पाया तालयंत्रावर रचला. पण त्यावर जेरोम स्मिथ यांची गिटार ऐका. ती यंत्राच्या अगदी किंचित आगेमागे राहते, आणि मॅक्रे यांचा उंच, हळुवार आवाज तर यंत्र शेजारी आहे हे जणू विसरूनच गातो.

बी जीज यांच्या ‘स्टेइंग अलाइव्ह’ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. फ्रान्समधील शातो देरुव्हिल येथे काम चालू असताना त्यांचे ड्रमवादक डेनिस ब्रायन यांना घरच्या दुःखद कारणामुळे परतावे लागले. तेव्हा निर्मात्यांनी ‘नाइट फिव्हर’साठी ब्रायन यांनीच आधी वाजवलेल्या तालातली दोन आवर्तने टेपवर घेतली, टेपचे टोक टोकाला जोडून वर्तुळ केले, ते मायक्रोफोनच्या स्टँडवरून ओढून घेतले आणि यंत्रावर फिरत ठेवले. कागदोपत्री ड्रमवादक म्हणून बर्नार्ड लूप (‘लूप’ म्हणजे असे वर्तुळ) असे गमतीचे नाव घातले गेले. तो ताल असा एका माणसाच्या हातापायांचाच आहे, फक्त एकाच क्षणाचा, पुनःपुन्हा. गाणे फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. तीच दोन आवर्तने पुढे ‘मोर दॅन अ वुमन’मध्ये वापरली गेली आणि बार्ब्रा स्ट्रायसँड यांच्या ‘वुमन इन लव्ह’मध्येही, हे दुसरे गाणे १९८० मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ही तीन गाणी एकापाठोपाठ लावली, तर त्यांच्या तळाशी तोच तुकडा आहे असे सांगितल्याशिवाय बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सारखेपणाच्या तक्रारीला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

शब्द कमी असतात, हा आक्षेप मात्र मी फारसा मनावर घेत नाही. नोव्हेंबर १९७५ च्या अखेरीपासून तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर असलेल्या सिल्व्हर कन्व्हेन्शनच्या ‘फ्लाय, रॉबिन, फ्लाय’मध्ये वेगवेगळे शब्द मोजून सहा आहेत. मला तेवढे पुरतात.

शब्दांनीच तोललेले गाणे हवे असेल तर ग्लोरिया गेनर यांचे ‘आय विल सर्व्हाइव्ह’ घ्या. सुरुवातीला पियानोची एक झेप येते आणि मग गायिका तालाविना, जवळजवळ बोलल्यासारखी, आपण घाबरलो होतो हे सांगते. ताल सुरू होतो तो तिचे मन ठाम झाल्यावर. इथे एक गोष्ट जवळ जाऊन ऐकण्यासारखी आहे. या गाण्यात आठ स्वरमेळांची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची (कॉर्डची), एक मालिका आहे, आणि शेवटपर्यंत तीच फिरत राहते. कडव्याला तीच, ध्रुवपदालाही तीच. पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांत ध्रुवपद आले की खालचे स्वरमेळ बदलून उजेड पाडण्याची सोय असते. ती सोय इथे घेतलेलीच नाही. मग ध्रुवपद आल्यावर काहीतरी मोठे उघडल्यासारखे का वाटते? कारण सगळा बदल एकट्या गळ्याने केलेला आहे. मागे साथीच्या आवाजांचा थवा नाही. गायिका कडव्यात शब्द भराभर टाकत जाते आणि ध्रुवपदावर आल्यावर तेच लांबवून धरते, आणि खालची न बदलणारी मालिका तिच्या निश्चयासारखी ऐकू येऊ लागते. मंचावरील अपघातानंतर पाठीच्या शस्त्रक्रियेतून सावरत असलेल्या गेनर यांनी पाठीला आधाराचा पट्टा बांधून हे गायले, हे कळल्यावर माझा आदर वाढला, पण ते ठाऊक नसतानाही गळ्यातली जिद्द ऐकू येतेच.

हे गाणे तबकडीच्या मागच्या बाजूला होते. कंपनीने पुढे ‘सब्स्टिट्यूट’ नावाचे दुसरेच गाणे ठेवले होते. डिस्कोथेकमध्ये तबकड्या वाजवणाऱ्या डीजेंनी ती उलटून लावली, नाचणाऱ्यांनी ते गाणे उचलून धरले, रेडिओ मागाहून आला, आणि मार्च १९७९ मध्ये गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची ‘हॉट १००’ ही यादी त्या काळी दुकानांनी कळवलेली विक्री आणि रेडिओ केंद्रांवरील वादन यांची सांगड घालून बनत असे. नाचघरात काय चालते याला तिच्यात थेट जागा नव्हती, पण तिथे आवडलेली तबकडी दुसऱ्या दिवशी लोक दुकानात जाऊन मागत. ह्यूज कॉर्पोरेशनचे ‘रॉक द बोट’ याच वाटेने जुलै १९७४ मध्ये वर चढले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिले आलेले कार्ल डग्लस यांचे ‘कुंग फू फायटिंग’ हेसुद्धा मागच्या बाजूसाठीच घाईघाईने केलेले होते, आणि त्याचे निर्माते होते बंगळूरहून लंडनला गेलेले बिद्दू. पुढे १९८० मध्ये ‘कुर्बानी’तल्या नाझिया हसन यांच्या ‘आप जैसा कोई’मधून ज्यांनी हा नाद आपल्या घरोघरी पोहोचवला, ते हेच बिद्दू. म्हणजे डिस्को आपल्याला वाटतो तितका परका नाही.

सारखेपणाचा समज पक्का होण्यामागे रेडिओचाही हात आहे, असे माझे मत आहे. सात इंची तबकडीवर तीन-चार मिनिटेच मावत आणि रेडिओला तेवढेच हवे असत. नाचणाऱ्यांना मात्र गाणे संपायला नको होते. न्यूयॉर्कचे टॉम मोल्टन यांनी गाणी लांबवून, वाद्ये एकेक करून काढून आणि परत आणून, नवी मिश्रणे तयार केली. एकदा सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या म्हणून गाणे मोठ्या तबकडीवर कोरले गेले. खाचा ऐसपैस पडल्याने आवाज अधिक भरदार झाला, आणि त्यातून बारा इंची तबकडीची वाट निघाली. १९७६ मध्ये डबल एक्स्पोजरचे ‘टेन पर्सेंट’ अशा तबकडीवर दुकानांत विक्रीला आले. आपण रेडिओवर किंवा संग्रहांत ऐकतो ती बहुतेक गाणी कापलेली असतात, आणि कापताना सर्वांत आधी जातो तो मधला मोकळा भाग, जिथे एकेक वाद्य वेगळे ऐकू येते. ‘आय विल सर्व्हाइव्ह’ची बारा इंची आवृत्ती सुमारे आठ मिनिटांची आहे. तिच्यात रमायला वेळ मिळतो.

या संगीताचा तिटकारा करणारेही थोडे नव्हते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर, रेडिओ निवेदक स्टीव्ह डाल यांच्या पुढाकाराने, डिस्कोची एक तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटांत प्रवेश दिला गेला आणि बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये गोळा झालेल्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या. हजारो लोक मैदानात घुसले, दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या दिवशी तिथे कामावर असलेले व्हिन्स लॉरेन्स नावाचे कृष्णवर्णीय तरुण पुढे सांगत आले आहेत की लोकांनी आणलेल्या कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या. ‘सगळे सारखेच’ हे वाक्य मला म्हणूनच अस्वस्थ करते. ते कंटाळलेल्या कानातून येऊ शकते, तसे ज्यांचे संगीत आहे त्यांच्याकडे पाहायचेच नाही अशा मनातूनही येऊ शकते. तुमचा प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे, याबद्दल मला शंका नाही. त्याच शिकागोत, काही वर्षांनी, हाउस या नव्या नृत्यसंगीताच्या सुरुवातीच्या तबकड्या घडवणाऱ्यांत हेच लॉरेन्स होते, आणि त्या संगीताचा ठेका चारही मात्रांवरचाच आहे.

त्या रात्रीनंतर डिस्को संपला असे सर्रास लिहिले जाते. पहिल्या क्रमांकांची यादी वेगळे सांगते. त्याच आठवड्यात डोना समर यांचे ‘बॅड गर्ल्स’ पहिल्या क्रमांकावर आले आणि पाच आठवडे राहिले. ऑगस्टमध्ये शीक या चमूचे ‘गुड टाइम्स’ आले. ऐकायला कुठून सुरुवात करावी असे विचाराल, तर मी याच गाण्याची आठ मिनिटांहून लांब असलेली मूळ आवृत्ती सुचवीन.

पहिल्यांदा फक्त बर्नार्ड एडवर्ड्स यांच्या बास गिटारकडे लक्ष द्या. एकाच खालच्या स्वरावर तीन ठाम ठोके, मग क्षणभर रिकामी जागा, आणि त्यानंतर वर चढत जाणारी एक चपळ ओळ. ती रिकामी जागा टोनी थॉम्पसन यांच्या ड्रमने भरलेली असते, आणि ठेका सारखा असल्यामुळेच ती जागा इतकी स्पष्ट दिसते. दुसऱ्यांदा नाइल रॉजर्स यांची गिटार ऐका. उजवा हात सतत फिरतो आहे, पण डावा हात तारा दाबून-सोडून ठरवतो आहे की कुठला फटका सुरात उमटेल आणि कुठला नुसता खरखरेल. मग मधला भाग येतो, जिथे सगळे थांबते आणि बास व ड्रम एवढेच उरतात, आणि थोड्या वेळाने गिटार, पियानो, व्हायोलिने एकामागून एक परततात. याच बासच्या ओळीवर त्याच वर्षी शुगरहिल गँगने ‘रॅपर्स डिलाइट’ बांधले, आणि रॉजर्स-एडवर्ड्स यांनी हक्क सांगितल्यावर त्यांची नावे गीतकार म्हणून घातली गेली. १९८० च्या ऑक्टोबरात पहिल्या क्रमांकावर गेलेल्या क्वीनच्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’मध्येही बास तीन ठोक्यांनीच सुरू होतो. ‘गुड टाइम्स’ आणि हे गाणे लागोपाठ ऐका, आणि तिसऱ्या ठोक्यानंतर दोन्हीकडे काय वेगळे घडते ते मला कळवा.