रत्नागिरी ते वेंगुर्ला, करीच्या थ्रीच्या मागावर

रत्नागिरीहून सागरी महामार्गाने देवगड, मालवण करत वेंगुर्ल्याकडे जाताना जिथे बास्केटबॉलचा खांब दिसला, तिथे थांबत गेलो. पोरं रिंगखाली फारशी जात नाहीत. लांबूनच थ्री मारतात, म्हणजे रिंगभोवतीच्या रेघेबाहेरून तीन गुणांचा नेम, आणि कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर 30 नंबर असतोच. अमेरिकन खेळाडू स्टीफन करीचा.

हे वेड मला पटतं. करी 6 फूट 2 इंच; एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, ही उंची बेताचीच. वडील डेल करी स्वतः एनबीएत खेळलेले, तरी मोठ्या कॉलेजांनी हाडकुळ्या पोराला विचारलं नाही. डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजाला त्याने 2008 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत नेलं, आणि 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, गोल्डन स्टेट वॉरियर्सनी त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. मग घोटे दगा द्यायला लागले. 2011-12 च्या मोसमात जेमतेम 26 सामने. तिथून 2015-16 मध्ये एका मोसमात 402 थ्री. आधीचा विक्रमही त्याचाच होता, 286 चा. डिसेंबर 2021 मध्ये रे ॲलनचा कारकिर्दीतल्या एकूण 2,973 थ्रींचा विक्रम मागे पडला, मार्च 2025 मध्ये 4,000 पूर्ण झाले. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात यजमान फ्रान्सविरुद्ध 8 थ्री, आणि सुवर्ण. उंचांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळात असा माणूस राज्य करतो, एवढं साडेपाच फुटी पोराला पुरतं.

पण पोरं ज्याला करीचं अंतर म्हणतात, ते टेप लावून बघावं. 2010 पर्यंत आंतरराष्ट्रीय थ्री-लाइन 6.25 मीटरवर होती, आता ती 6.75 वर आहे. जुन्या सिमेंटच्या कोर्टांवर अजून 6.25 चीच रेघ सापडते. एनबीएची रेघ समोरून 7.24 मीटरवर, म्हणजे त्या जुन्या रेघेपेक्षा जवळजवळ एक मीटर मागे. नवी रेघ आखायला रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडायचा. तो बिंदू मागच्या रेघेच्या आतल्या कडेपासून 1.575 मीटरवर यायला हवा. येत नसेल तर खांब कललाय. त्या बिंदूला दोरी धरून 6.75 ची कमान फक्कीने मारायची. दोरी नायलॉनची नको, ती ताणली जाते. रिंगची उंचीही तेव्हाच तपासावी, 3.05 मीटर. कोर्टावर नव्याने कोबा घातला की ती कमी भरते.

दुसरी अडचण हातांची. सात नंबरचा, म्हणजे मोठ्या पुरुषांचा, चेंडू सहाशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे लहान पोरं तो कमरेपासून भिरकावतात. शाळेत करीही असाच खालून मारायचा. वडिलांनी अख्खा उन्हाळा घालवून त्याचा नेम डोक्याच्या वर आणला, आणि त्या काळात सुरुवातीला रिंगपासून जरा लांब गेलं की त्याला बास्केट होईना. इथल्या पोरांनी करीकडून घ्यायचं ते हे. सुरुवात दोन मीटरवरून, एका हाताने, ताकद गुडघ्यांतून. बोर्डाला न लागता दहापैकी आठ पडले की एक पाऊल मागे. कोपर बाहेर जायला लागलं, की अंतर झेपत नाही असं समजून पुन्हा पुढे यायचं. बारा वर्षांखालच्यांना पाच नंबरचा चेंडू द्यावा, आणि किनाऱ्यावर तो रबरीच बरा. चामड्याचा दमट हवेत ओला होऊन जड होतो आणि सिमेंटवर सोलवटतो.

वाऱ्याचं गणित कोकणाचं स्वतःचं. हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि उंच कमानीचा चेंडू ढकलत नेतो. पोरं मग चेंडू सपाट मारायला लागतात आणि ती खोड जाता जात नाही. लांबच्या नेमाचा सराव सकाळी करावा. संध्याकाळी ड्रिबल, पास, आणि लेअप, म्हणजे रिंगखाली धावत जाऊन चेंडू टाकणं.

मालवणकडे एका कोर्टावरची नेट मात्र बघत राहावी अशी होती. बाजारातलं हलकं नायलॉन वाऱ्याने उलटून रिंगवर अडकतं, म्हणून कुणा मच्छीमाराकडून जाड दोऱ्याची विणून घेतलेली. रिंगला बारा हूक, म्हणून वर बारा फासे. लांबी 40 ते 45 सेंटिमीटर. खालचे फासे थोडे आवळलेले, चेंडू क्षणभर थबकून पडेल इतपत. फार आवळले तर तो अडकून बसतो आणि प्रत्येक वेळी काठीने काढावा लागतो. शेजारची रिंग खाऱ्या हवेने पापुद्रे धरलेली होती. दिवाळीच्या सुट्टीत ती तारेच्या ब्रशने घासून, आधी रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट लावला तर टिकेल. नुसता ऑइलपेंट लावला, तर आत गंज चालूच राहतो.

सामना बघायचा असेल तर वॉरियर्सचा घरचा सामना हिवाळ्यात बहुधा आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होतो, मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं पुढे गेली की साडेसातला. म्हणजे शाळेच्या दिवशी पोरांच्या वाट्याला फक्त हायलाइट्स येतात, आणि त्यांत लांबचे थ्रीच असतात. रविवारी पूर्ण सामना दाखवा. चेंडू हातात नसताना करी किती धावतो, ते त्यातच दिसतं.