कावा

पहिल्या दिवशी त्याने माझी टोपी पळवली. दुसऱ्या दिवशी खरारा दातांत धरून कुंपणापलीकडे भिरकावला. तिसऱ्या दिवशी मी शहाणा होऊन रिकाम्या हातांनी गेलो, तर बुटाची नाडी सोडली. दोन वर्षांचं शिंगरू. कपाळावर मधोमध केसांचा भोवरा, म्हणून नावही भोवरा. भोवरा कुठे आहे त्यावरून घोड्याचा स्वभाव सांगणारे लोक असतात. माझा त्यावर विश्वास नाही. पण त्याचं नाव ठेवणाऱ्याला पुढचं सगळं आधीच कळलं असावं, असं अधूनमधून वाटतं.

पाठीवर बसायची घाई नव्हती. घोडा दिसायला लवकर मोठा होतो, हाडं मात्र मागे राहतात. गुडघ्याजवळची हाडं अडीच वर्षांच्या सुमाराला पक्की होतात, पाठीच्या मणक्यांना साडेपाच-सहा वर्षं लागतात. त्यामुळे जे करायचं ते जमिनीवरूनच: म्होरकी घालून घेणं, दोराबरोबर चालणं, थांब म्हटलं की थांबणं, पाय उचलू देणं. आठवडाभरात उरकेल असं मी धरून चाललो होतो.

मी दोर ओढायचो, तो उलटा ओढायचा. घोड्याशी रस्सीखेच खेळून आजवर कोणी जिंकलेलं नाही, हे कळायलाही मला तीन दिवस लागले. शेजारच्या तबेल्यातले एक म्हातारे चाबूकस्वार हा तमाशा कुंपणावर हात टेकून बघत असत. शेवटी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "अहो, ओढल्यावर नाही शिकत तो. सोडल्यावर शिकतो."

एवढं एकच वाक्य. पण सगळं त्यातच होतं. दोराला हलका ताण द्यायचा आणि थांबायचं. त्याने वजन नुसतं पुढच्या पायांवर घेतलं, तरी त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. ताण ही फक्त विचारणा, उत्तर बरोबर आलं हे ढील सांगते. ऐकायला सोपं आहे. माझा हात मात्र मंद. त्याने पाऊल टाकलं की आधी मला आनंद व्हायचा, मग आठवण व्हायची आणि मग दोर सुटायचा. तेवढ्यात तो मान झटकून मोकळा झालेला असे. दोर सैल होताना आपण काय करत होतो, एवढाच हिशेब तो ठेवत होता. म्हणजे आठवडाभर मी त्याला चालायला नव्हे, मान झटकायला शिकवलं. आणि ते तो फार छान शिकला.

बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट मी तोवर गंमत म्हणून सांगायचो. विचारलेल्या गणिताचं उत्तर तो खूर आपटून देत असे. १९०७ साली प्फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने त्याचं इंगित उलगडलं. हान्सला गणित येत नव्हतं, त्याला माणूस वाचता येत होता. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स थांबायचा. ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नव्हतं, त्याच्यापुढे हान्सही नापास. मालक लबाड नव्हता. आपण काही सांगतोय हे त्यालाच ठाऊक नव्हतं. भोवऱ्यासमोर उभं राहिल्यावर या गोष्टीतली गंमत संपली. अंगावर बसलेली माशी ज्याच्या कातडीला कळते, त्याच्यापासून मी माझी चिडचिड लपवायला निघालो होतो. तोंडाने "शाब्बास, शाब्बास" आणि खांदे कानांपर्यंत वर चढलेले. तो खांद्यांकडे बघायचा.

मग मी एकच केलं. कंटाळवाणा झालो. रोज त्याच वेळी, त्याच बाजूने जायचं. आधी मानेच्या बुंध्याशी खाजवायचं. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात आणि तिथे खाजवलं की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. काल ज्याला 'नाही' म्हटलं त्याला आजही 'नाही'च. आपण विश्वास म्हणतो तेव्हा मोठं काहीतरी डोळ्यांसमोर आणतो. भोवऱ्याला हवा होता पुढच्या क्षणी काय करील हे आधी ओळखता येणारा माणूस. हे सोपं नाही. माणसाला रोज नवं करून दाखवायची खाज असते. आज इथवर आलाय, तर आणखी थोडं पुढे रेटू. आपलंच घोडं दामटायची सवय खऱ्या घोड्यासमोरही सुटत नाही.

चावण्याचं काय करायचं, हा मोठा प्रश्न होता. दुष्टपणाचं चावणं नव्हे. शिंगरं एकमेकांची आयाळ ओढतात, गुडघ्यांना चावे घेतात, तेच आमंत्रण तो मला देत होता. नाकावर चापट मारली तर त्याला खेळ जमल्यासारखा वाटायचा: चावा, मान मागे, पुन्हा चावा. अखेर चापट बंद केली. तो अंगावर आला की त्याला शांतपणे एक पाऊल मागे पाठवायचं, बस. वयस्क घोडी कान मागे टाकून तेच करते, आणि तिला तर पाऊलही उचलावं लागत नाही.

लांब दोरावर घोड्याला आपल्याभोवती गोल फिरवणं, याला जुना शब्द आहे: कावा देणं. डावपेचालाही कावाच म्हणतात. कोण कोणाला देतोय ते पहिला महिनाभर स्पष्ट नव्हतं. तो दोन फेऱ्या सरळ मारायचा, तिसऱ्या फेरीला मागच्या पायांनी हवेत लाथा झाडायचा, मग एकदम थांबून, तोंड फिरवून माझ्याकडे बघायचा, जणू आता माझी पाळी. एकदा कुंपणावरून प्लास्टिकचा कागद फडफडत आला आणि तो बुजला. एका उडीत दोराच्या टोकाशी. नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांचं पांढरं दिसतंय. मी ओढलं नाही. हात आपोआप सैल पडला, तेव्हा पहिल्यांदा मला त्याची आठवण करावी लागली नाही. त्याचा एक कान कागदावरच होता. दुसरा हळूहळू वळला, माझ्याकडे. फुरफुरला. मग तो त्या कागदापाशी गेला आणि ओठांनी उचलून पळाला, अर्थातच.

पाय देणं सगळ्यात शेवटी जमलं, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. संकट आलं की पळणं एवढा एकच उपाय ज्याला ठाऊक, त्याने पळायचा पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा. आधी नुसता खांद्यापासून खाली हात फिरवायचो. मग खूर क्षणभर उचलायचा आणि त्याने मागायच्या आत खाली ठेवायचा. काल त्याचा पुढचा पाय गुडघ्यांत धरून मी खुरातली माती काढत होतो, चांगली दोन मिनिटं. वाकलेल्या मानेवर गरम श्वास लागला. शर्टाची कॉलर कोणीतरी अलगद ओठांत धरली. दात नव्हते. मी खूर सोडला नाही, त्याने कॉलर.