सहा पांढरे कप

मेडिकलची पोरं पीएसएमची, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन या विषयाची, फोड 'पास, सुटका, मुक्ती' अशी करतात. विषयाचं नाव कागदोपत्री कधीच कम्युनिटी मेडिसिन झालं, पण पीएसएम काही जात नाही. मी त्यातच एमडी करतेय. हौसेनं घेतलं असं सांगायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे नीट-पीजीच्या रँकनं घेतलं. हौस मागाहून आली.

मागच्या पावसाळ्यात एमबीबीएसच्या पोरांसाठी प्रतिबंधक वैद्यकाचा एक गट काढायचं मी मनावर घेतलं. फॅमिली अडॉप्शनखाली २०२१-२२च्या बॅचपासून प्रत्येकाला गावातली कुटुंबं वाटून दिलेली असतात. पोरं बसनं जातात, बीपी-शुगर मोजतात, फॉर्म भरतात आणि परत येतात. सेवाग्रामच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची अख्खी बॅच गावात राहायला नेतात, तसं काही आमच्याकडे नाही. म्हटलं, निदान ज्यांना खरंच रस आहे त्यांना तरी एकत्र आणू. विभागप्रमुखांनी एकच अट घातली, 'खर्च नको.' तरी पहिल्या बैठकीला मी पदरमोड करून तर्री-पोहे ठेवले. तेवीस जण आले. दुसऱ्या बैठकीला पोहे नव्हते, तर सात.

त्या सातांनी पाऊण तास फक्त नावावर घालवला. शेवटी 'हँडल' ठरलं. १८५४ साली कॉलऱ्याच्या साथीत लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचं हँडल डॉक्टर जॉन स्नोच्या सांगण्यावरून काढलं, ते हे हँडल. हँडल निघालं तोवर कॉलऱ्याची साथ उतरणीला लागली होती, आणि हे स्नोनंही नमूद करून ठेवलंय, असं मी सांगितल्यावर मालेगावचा पोरगा म्हणाला, 'मग तर हेच नाव. आपल्यालाही क्रेडिट मिळणार नाही.' (आमच्याकडे माणसाला गावाच्या नावानंच हाक मारतात. त्यामुळे हा मालेगाव, ती लातूर.)

पहिला उपक्रम म्हणून मी सोप्यातलं सोपं निवडलं, विहिरीचं क्लोरिनेशन, म्हणजे जंतू मारायला ब्लिचिंग पावडर टाकणं. विभागाच्या कपाटात हॉरॉक्सची पेटी होती. ब्रिटिश लष्करातल्या डॉक्टरच्या नावाची ही पेटी पोरांना व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलावर भेटते: सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन ग्रॅमचे चमचे, काचेच्या कांड्या. काळ्या कपात चमचाभर ब्लिचिंग पावडर कालवायची. पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी भरायचं. पहिल्यात काळ्या कपातल्या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यात सहा. अर्धा तास थांबायचं, मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइड टाकायचं, क्लोरीन उरला असेल तर ते निळं होतं. ज्या कपापासून निळा रंग दिसेल, तितके चमचे पावडर ४५५ लिटरला लागते. हा ४५५चा विचित्र आकडा म्हणजे जुने शंभर गॅलन. तोंडपाठ सगळ्यांना असतं, केलेलं कुणी नसतं. मीही नव्हतं केलं, पण हे त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही.

गाव वर्ध्याच्या पलीकडे, यवतमाळच्या अंगाला. ऑगस्टचा महिना, काळ्या मातीचा चिखल जीपच्या मडगार्डपर्यंत. नळ दिवसाआड येतो, म्हणून एका वॉर्डातल्या बाया विहिरीचंच पाणी भरतात. विहिरीला कठडा आहे, पण सांडपाण्याची नाली दहा पावलांवर. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मात्र हिरवं कार्ड. म्हणजे या गावाच्या पाण्याला धोका कमी.

आधी आम्ही तीन घरांतल्या माठांची ओटी टेस्ट केली. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळं दिसतं. तिन्ही नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ. विहिरीतून थेट काढलेल्या पाण्याचीही तीच गत.

जलसुरक्षक भाऊ सोबतच होते. पन्नाशीचा माणूस, बोटं चिरलेली. मी विचारलं, 'आज पावडर टाकली का?'

'टाकली ना जी. रोज सकाई सहाले टाकतो.'

'आज टाकली का, ते सांगा.'

माझा आवाज कसा होता ते मला माहीत आहे. त्यांनी काही न बोलता वही आणली. रोजची तारीख, रोजची सही, पोळ्याच्या दिवशीसुद्धा. मी वही चाळली आणि मनात म्हटलं, एका बैठकीत भरलेली दिसते. पोरांनी माझ्या चेहऱ्यावरून ते वाचलं असणार, कारण मालेगावनं वही हातात घेऊन शाईचा रंग निरखायला सुरुवात केली. याची मला आजही लाज वाटते.

हॉरॉक्स लावला तो ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात. ब्लिचिंग पावडर गावाचीच घेतली, टीसीएल म्हणतात ती. अर्धा तास झाला. लातूरनं एकेका कपात तीन-तीन थेंब स्टार्च-आयोडाइड सोडून प्रत्येक कप वेगळ्या कांडीनं ढवळला. आम्ही वाकून बघत राहिलो.

सहाही कप पांढरे. निळ्याची झाक नाही.

पुस्तकात कुठला ना कुठला कप निळा होतोच. व्हायवातही विचारतात ते 'कितवा कप', 'एकही नाही झाला तर?' असं नाही विचारत. मी म्हटलं, थेंब मोजताना चुकलं असेल, परत करा. परत केलं. आणखी अर्धा तास. परत पांढरे. एव्हाना वॉर्डातली लेकरं जमली होती आणि आमच्याकडे जादूचा खेळ फसलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

लातूर म्हणाली, 'मॅडम, पाणी वाईट आहे की पावडर?'

प्रश्न इतका साधा होता की तो मला सुचला नाही याचं वाईट वाटलं. पाण्यात घाण खूप असेल तर ती सगळा क्लोरीन खाऊन टाकते आणि रंग येत नाही. पावडरच मेलेली असेल तरी रंग येत नाही. कप दोन्ही वेळा सारखेच पांढरे. पेटीसोबत मी विभागातल्या सीलबंद डब्यातली पुडी आणली होती, निव्वळ दाखवायला. मग कपांच्या दोन रांगा मांडल्या. एकीत गावाची पावडर आणि आमच्या बाटलीतलं आरओचं पाणी, दुसरीत आमची पावडर आणि विहिरीचं पाणी. कप सहाच असल्यानं बाकीचे चहाचे.

पुन्हा अर्धा तास. कुणी बोलत नव्हतं.

आरओच्या पाण्यात गावाची पावडर सहाव्या कपापर्यंत ढिम्म. विहिरीच्या पाण्यात आमची पावडर तिसऱ्या कपापासून निळी, चांगली गडद.

भाऊ आम्हाला कोठीत घेऊन गेले. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं, बुडाला ओल, आत खडे. पोत्यावरची तारीख दोन पावसाळ्यांआधीची. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो आणि डबा उघडला की नाकात झोंबतो. दमट, उघड्या जागेत तो उडून जातो आणि मागे उरतो तो नुसता चुना. मी पोत्यात तोंड घालून वास घेतला. काहीच नाही.

म्हणजे हा माणूस रोज सहाला उठून इमानदारीनं विहिरीत चुना टाकत होता.

मी म्हटलं, 'भाऊ, पावडरचा वास येत नव्हता हे तुमच्या लक्षात नाही आलं?'

'आलं ना. पहिले लय वास ये. बाया बोंबलत, पाण्याले दवाईचा वास येते म्हणून. मंग आपोआप गेला. सरपंचबाईनं सभेत सांगतलं, आता पाणी कसं गोड झालं म्हणून. टाळ्या वाजोल्या लोकायनं.' थोडं थांबून म्हणाले, 'मले वाटलं, माह्या हातून काही चांगलं होऊन रायलं.'

मी माफी मागितली. अडखळत, पोरांसमोर. ते म्हणाले, 'जाऊ द्या ना जी,' आणि बादल्या शोधायला गेले.

पुढचं गणित पोरांनी विहिरीच्या काठावर केलं. व्यास चार मीटर, पाण्याची खोली तीन. म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. तिसरा कप म्हणजे ४५५ लिटरला सहा ग्रॅम, म्हणून जवळपास अर्धा किलो. ग्रामसेवकांनी शेजारच्या ग्रामपंचायतीतून सीलबंद डबा उसना आणवला. त्यातली चिमूट आधी एका कपात तपासली, आता भरवसा कुणावर ठेवणार? एका बादलीत शंभर ग्रॅमहून जास्त घ्यायची नसते, म्हणून पाच बादल्या. कालवून गाळ खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं, ती दोरानं विहिरीत सोडून वरखाली हेलकावली. तासभर कुणाला पाणी भरू दिलं नाही, आणि त्या तासात बायांनी आम्हाला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तासानं ओटीची नळी पिवळी झाली. मालेगावनं ती नळी एकेका बाईला दाखवली. एकीनंही कौतुक केलं नाही.

कॉलेजच्या नियतकालिकासाठी फोटो मागितला, तर आमच्याकडे सहा पांढऱ्या कपांचा फोटो. 'यात काय झालंय?' असं संपादकांनी विचारलं. किती रुग्ण टळले, असंही विचारलं. प्राथमिक आरोग्य केंद्राचं ओपीडी रजिस्टर मी आधीच पाहून ठेवलं होतं. त्यात त्या गावचे जुलाबाचे तुरळक रुग्ण होते, साथ वगैरे काही नव्हती. आकडा देता आला नाही, म्हणून लेख छापला गेला नाही.

आठ दिवसांनी आम्ही परत गेलो. नवी पावडर आता झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, जमिनीपासून वर. भाऊंनी वहीत एक नवा रकाना आखला होता: 'वास – आहे / नाही'. विहिरीवर एक म्हातारी पाण्याचा गुंड भरत होती. मला बघून तिनं गुंड खाली ठेवला.

'तूच नं ते डाक्टरीण? चांगलं गोड पाणी होतं बाई आमचं. नासवून टाकलं पाय तुमी.'

भाऊ मागे उभे राहून हसत होते. लातूरनं वही उघडली आणि त्या दिवसाच्या 'आहे'वर बरोबरची खूण केली.