टोरांटो लांब पडतंय म्हणून

बेळगावकडच्या माणसाला संमेलन म्हणजे काय हे सांगत बसायला लागत नाही. सुगी संपली, मळण्या उरकल्या की डिसेंबरपासून पुढं बहुतेक रविवारी कुठं ना कुठं असतंयच, कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी, तिकडं निपाणीच्या बाजूला कारदगा. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, मग उद्घाटन आणि अध्यक्षांचं भाषण (लांबतंयच), मग जेवण, जेवणानंतर कथाकथन आणि शेवटी कविसंमेलन जे पत्रिकेत छापलेल्या वेळेला सुरू झालेलं मी तरी बघितलेलं नाही.

पण आज लिहायचंय ते दुसऱ्याच संमेलनाबद्दल. विज्ञानकथा वाचणाऱ्या लोकांचं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, नाव वेस्टरकॉन. गेले काही दिवस मी त्याचा इतिहास मिळेल तिथून वाचायलोय आणि दर दोन पानांनी मला आमच्या गावच्या मंडपातली माणसं दिसायलीत, म्हणून म्हटलं लिहूनच काढूया.

आधी थोडं मागचं. विज्ञानकथेच्या वाचकांचं पहिलं संमेलन कुठलं यावरच भांडण आहे, म्हणजे सुरुवात एकदम आपल्यासारखीच. 1936 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कची काही पोरं आगगाडीनं फिलाडेल्फियाच्या पोरांना भेटायला गेली, एका घरात बसली, गप्पा मारल्या आणि हे संमेलन झालं असं जाहीर करून टाकलं. इंग्लंडवाले म्हणतात ते कसलं संमेलन, खरं पहिलं आमचं, जानेवारी 1937 मध्ये लीड्सला रीतसर हॉल घेऊन भरवलेलं, त्यात जेमतेम वीसेक माणसं होती आणि त्यातला एक होता तरुण आर्थर क्लार्क, पुढं विज्ञानकथेतला मोठा लेखक झालेला. मग 1939 च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन, वर्ल्डकॉन. आली साधारण दोनशे माणसं आणि त्यातसुद्धा आयोजकांशी पटत नव्हतं म्हणून सहा जणांना दारातनंच परत पाठवलं! त्या सहा जणांतला फ्रेडरिक पोल पुढं मोठा लेखक झाला, डोनाल्ड वॉलहाइम मोठा प्रकाशक झाला. गटबाजी साहित्यात फक्त मराठी माणूसच करतो असं म्हणणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

त्याच संमेलनाला लॉस एंजेलिसहून फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन वाचक अख्खा देश ओलांडून गेले होते, मर्टलनं केलेले भविष्यातल्या माणसांचे पोशाख घालून. आज पोरं कॉस्प्ले कॉस्प्ले (म्हणजे गोष्टीतल्या पात्रांचे पोशाख घालून मिरवणं) करतात त्याची सुरुवात बरेच जण तिथनं मोजतात. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते अंतर. लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क म्हणजे आगगाडीत तीन-चार दिवस जायला आणि तेवढेच यायला, शिवाय तिकिटाचे पैसे. किती जणांना जमणार ते?

आणि इथंच वेस्टरकॉनचा जन्म आहे. 1948 ला वर्ल्डकॉन होतं कॅनडात, टोरांटोला. लॉस एंजेलिसच्या मंडळींना तिकडं जायला ना रजा ना पैसा. त्यांचा क्लब मात्र पक्का होता, 1934 पासूनचा, दर गुरुवारी भेटणारा (आणि अजूनही भेटणारा). त्यातल्या वॉल्ट डॉगर्टीनं म्हटलं, आपल्याला जाता येत नाही ना, मग आपणच आपलं भरवूया. सप्टेंबर 1948, एकच दिवस, एक भाड्याचा हॉल, मोजकी माणसं. झालं सुरू.

आता हे वाचल्यावर आमच्याकडचा कुठलाही माणूस म्हणेल, होय की, आमचं काय वेगळं आहे. अखिल भारतीय संमेलन बेळगावला आलंय की, 1929 ला शिवराम महादेव परांजपे अध्यक्ष होते, 1946 ला ग. त्र्यं. माडखोलकर, ज्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि मग 2000 साली य. दि. फडके. पण मधली ती चौपन्न वर्षं बघा. शेतात राबणाऱ्या, कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या वाचकानं काय चौपन्न वर्षं वाट बघत बसायचं? नागपूर, औरंगाबादला कोण जाणार? म्हणून गावानं वर्गणी काढली, शाळेच्या पटांगणात मंडप घातला आणि पुण्या-कोल्हापूरच्या लेखकाला एसटीनं बोलावून घेतलं. भाषेचा प्रश्न, सीमाप्रश्न हे सगळं त्यात आहेच, परवानगी मिळतेय का नाही ही धाकधूक पण दरवर्षी असतेय, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या खाली अजून एक साधी गोष्ट आहे ती म्हणजे लेखक डोळ्यांनी बघायचा होता, आणि आपण त्याच्याकडं जाऊ शकत नव्हतो.

वेस्टरकॉनचं पुढं बरं चाललं. सीमा तर अशी आखली की वाचून हसू आलं, 104 पश्चिम रेखांशाच्या पश्चिमेचा उत्तर अमेरिकेचा भाग, आणि हवाई वेगळं जोडलेलं. (सीमा आखायचं काम कुणाला द्यायचं तर यांना द्यायला पाहिजे होतं, रेखांशावर निदान कोर्टात तारखा पडल्या नसत्या.) एका गावात मुक्काम नाही, दरवर्षी वेगळं शहर, आणि कुठलं ते आधी मतदानानं ठरणार. पुढं 4 जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला जोडून भरवायची पद्धत पडली. 1964 ला ओकलंडला आणि 1968 ला बर्कलीला वर्ल्डकॉनच त्यांच्या दारात आलं तेव्हा दोन्ही एकत्र केली. 2000 साली तर होनोलुलूला नेलं. आणि 2022 ला टोनोपाहला! रेनो आणि लास वेगसच्या मधलं वाळवंटातलं जुनं चांदीच्या खाणींचं गाव, वस्ती दोनेक हजार. आमच्याकडची मोठी गावं त्याच्यापेक्षा मोठी आहेत.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं पैशाचं आणि कामाचं गणित. हे लोक तिकीट म्हणत नाहीत, सभासद म्हणतात. चालवणारे सगळे बिनपगारी. खुर्च्या लावणारा, पुस्तकांच्या स्टॉलवर बसणारा, पाहुण्यांना आणायला जाणारा, सगळे वाचकच. एक खोली अशी ठेवायची की जिथं कुणीही यावं, चहा-कॉफी घ्यावी, काहीबाही खावं आणि बसावं, आणि जुने लोक सांगतात की खरं संमेलन त्या खोलीतच असतं. आमच्याकडं हे काम जेवणाची पंगत करते. स्टेजवरचा परिसंवाद विसरला जातो पण पत्रावळी समोर ठेवून शेजारच्या गावचा माणूस "तुमचं ते गेल्या वर्षीचं कथाकथन काय झालं हो" म्हणून जे सुरू करतो ते लक्षात राहतंय. आणि लांबच्या वाचकाला बोलवायला ते वर्गणी पण काढतात. 1952 ला बेलफास्टच्या वॉल्ट विलिस नावाच्या माणसाला शिकागोच्या वर्ल्डकॉनला आणण्यासाठी लोकांनी पैसे गोळा केले, त्यातनंच पुढच्या वर्षी एक कायमचा निधी उभा राहिला, अटलांटिकच्या अलीकडच्या वाचकाला पलीकडं आणि पलीकडच्याला अलीकडं न्यायचा. लेखकाला नाही हं, वाचकाला. ही आयडिया आपण का उचलू नये मला कळत नाही.

पण वेस्टरकॉनची गोष्ट सगळी गोड नाही. 2024 ला त्यांच्याच सभेत ठराव आला की आता हे बंद करूया. 2025 चं सांता क्लाराला बेकॉन नावाच्या दुसऱ्या संमेलनाला जोडून भरवलं. भांडण नाही, बंदी नाही, मग का? तर सिएटलवाल्यांनी 1978 ला आपलं वेगळं काढलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला 1982 ला बेकॉन निघालं, लॉस एंजेलिसचं स्वतःचं आहेच. ज्याला टोरांटो लांब होतं त्याला आता वेस्टरकॉनसाठी सुद्धा लांब जायची गरज राहिली नाही. मग फिरतं संमेलन अंगावर घेणारी नवीन माणसं कुठनं येणार.

आमच्याकडं काही लोक म्हणतात की गावागणिक संमेलनं झाली, आता सगळी मिळून एकच मोठं करा. मला ते अजिबात पटत नाही. एकच मोठं केलं की ते कुणाच्याच गल्लीतलं राहत नाही, आणि गल्लीतलं नसलं की खुर्च्या लावायला पोरं येत नाहीत. काळजी करायची असली तर समितीच्या मीटिंगमध्ये चाळिशीच्या खालचे किती बसलेत ते मोजा.

आणि ती पोरं काय वाचतात हे आम्ही त्यांना विचारतो का? ग्रामीण कथा, सीमालढ्याची कविता, संतसाहित्य, सगळं पाहिजेच, पण विज्ञानकथेला आमच्या पत्रिकेत जागाच नसते. आणि हे जयंत नारळीकरांच्या मराठीत! कोल्हापुरात जन्मलेला माणूस, म्हणजे आमच्यापासनं दोन-अडीच तासांवर. 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली, आपलीच आद्याक्षरं उलटी करून, परीक्षक नावाला भुलू नयेत म्हणून, आणि नंबर काढला. पुढं 2021 ला नाशिकच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष झाले.

तर परवाच्या मीटिंगमध्ये मी विषय काढलाच. विज्ञानकथेला एक तास द्या, दोन लेखक, आणि कॉलेजच्या पोरापोरींनी लिहिलेल्या कथांचं वाचन. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग आमचे अण्णा म्हणाले, "तुझ्या कथेत ती तबकडी बेळगावात उतरली तर पाटी कुठल्या भाषेत लावणार तेवढं आधी ठरवून ये." सगळे हसले, चहा आला, आणि त्या चहावर मंजूर झालं. वेळ मिळालीय जेवणानंतर लगेचची, म्हणजे अर्धा मंडप पेंगत असणार. अट एकच, त्या दोन लेखकांच्या गाडीभाड्याची वर्गणी मीच गोळा करायची. पावतीपुस्तक घेऊन आलोय. आमच्या गल्लीतल्यांनो, रविवारी सकाळी घरात असा.