आमची वाटचाल: रबाळ्यातली ज्वारी आणि पाकिटावरचे दोन आकडे

रबाळे एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला तेव्हा मी आणि मिसेस फक्त धिंगरी अळंबीचं स्पॉन, म्हणजे बियाणं, बनवायचो, शेतकऱ्यांसाठी. वाशीच्या एपीएमसीतून ज्वारी आणायची, शिजवायची पण दाणा फुटू द्यायचा नाही, पिशव्या भरून १२१ डिग्रीला स्टरलाइज करायच्या आणि गार झाल्या की अळंबीची बुरशी सोडायची, मग हळूहळू दाण्यादाण्यावर पांढरंशुभ्र जाळं चढतं, पिशवी दाबली की आत घट्ट ढेप लागते. पहिल्याच पावसाळ्यात ४० पिशव्यांना भलतीच बुरशी लागून त्या हिरव्या पडल्या, सगळ्या फेकल्या, त्या रात्री दोघंही जेवलो नाही.

पुढे तेच तंत्र रेशी आणि शिताके या दुसऱ्या अळंब्यांवर वापरलं. आंबवलेली ज्वारी वाळवून दळायची, भाकरीच्या पिठात चमचाभर. रेशीची कडू लागते, ते आधीच सांगतो.

गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, याने कॅन्सर टळतो का? पहिला लॅब रिपोर्ट आला, पॉलिसॅकराइडचा, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचा, आकडा एवढा मोठा की आम्ही पेढे वाटले. केमिस्ट्री शिकलेला भाचा म्हणाला, मामा, ज्वारीचा स्टार्च पण पॉलिसॅकराइडच आहे, अळंबीतलं पॉलिसॅकराइड म्हणजे बीटा-ग्लुकन, ते वेगळं मोजून घे. घेतलं, तर आकडा बराच खाली आला. ज्याच्यावर कॅन्सरचं संशोधन झालंय ते बीटा-ग्लुकन, आणि दाण्यावर अळंबी वाढवली की बुरशीने न खाल्लेलं धान्य त्यातच राहतं. छापलेली पाकिटं रद्द केली, नुकसान झालं, पण आता दोन्ही आकडे वेगवेगळे छापतो.

जपानमध्ये १९७० च्या दशकापासून टर्की टेल अळंबीतून काढलेलं क्रेस्टिन हे औषध डॉक्टर बरीच वर्षं केमोच्या जोडीला देत होते, हे खरं आहे. पण ते शुद्ध केलेलं औषध होतं, तेही कॅन्सर झालेल्या पेशंटसाठी. आमचं पीठ हे धान्य आहे. प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर आशा वाटावी असं बरंच दिसलंय, माणसाला रोज हे खाऊन कॅन्सर होत नाही असं कोणी सिद्ध केलेलं नाही, मग मी कसं लिहू? कायद्यानेही चालत नाही.

मागे खारघरहून एक ताई आल्या, मिस्टरांची केमो चालू, एकदम सहा पाकिटं मागत होत्या. मी म्हटलं ताई, आधी डॉक्टरांना दाखवा, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर रेशी नकोच. एक पाकीट दिलं, दाखवायला, पैसे घेतले नाहीत. महिन्याने त्यांचा फोन आला, डॉक्टर सध्या नको म्हणालेत, पण धिंगरी ताजी मिळेल का भाजीला. दर शनिवारी पाव किलो बाजूला काढून ठेवतो त्यांच्यासाठी.