डर्ट लेट मॉडेलचं छत: पत्रा, फायबर की कार्बन?

अमेरिकेत मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर धावणाऱ्या डर्ट लेट मॉडेल या शर्यतीच्या गाड्यांचं छत हे निव्वळ आच्छादन असतं. गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवतो तो रोल केज, म्हणजे त्याच्याभोवतीचा पोलादी नळ्यांचा पिंजरा. छताकडून ताकदीची अपेक्षा धरून जाड पत्रा ठोकला, तर गाडीच्या सगळ्यात वरच्या टोकाला विनाकारण वजन चढतं.

माल घेण्याआधी आपल्या ट्रॅकची नियमावली वाचा. मोठ्या मालिकांत छताची लांबी ४४ ते ५४ इंच, रुंदी ४८ ते ५२ इंच आणि जमिनीपासून उंची ४५ ते ४८ इंच, अशी मापं बांधून दिलेली आढळतात. कार्बन फायबरला काही ठिकाणी सरळ मनाई आहे. स्ट्रीट स्टॉकसारख्या, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या वर्गात बहुधा मूळचं पोलादी छतच ठेवावं लागतं, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही.

आता वजन. ५० बाय ५० इंचाचं छत म्हणजे सुमारे १.६ चौरस मीटर. २२ गेजचा (सुमारे ०.७६ मिमी) पोलादी पत्रा घेतला तर साडेनऊ किलो, ०.०४० इंची ॲल्युमिनियम साधारण ४.४ किलो, २ मिमी फायबरग्लास पाच किलोंच्या थोडं वर आणि १ मिमी कार्बन अडीच किलो. फायबर सोडून कार्बन घेतला तर पावणेतीन किलोंच्या आसपास वाचतात. २३०० पौंडांच्या, म्हणजे १०४३ किलोंच्या गाडीचा गुरुत्वमध्य त्याने जेमतेम दोन मिलिमीटर खाली येतो. उलट ओल्या मातीचा दोन मिलिमीटर थर छतभर बसला, तर पाच-साडेपाच किलो वाढतात. म्हणजे महागडा कार्बन घेऊन जे कमावलं, ते एका चिखलाच्या हीटमध्ये, म्हणजे पात्रता शर्यतीत गेलं. त्यापेक्षा छत गुळगुळीत ठेवा आणि प्रत्येक हीटनंतर पुसा. शिवाय कार्बन फुटला की त्याच्या अणकुचीदार तुकडे ट्रॅकवर पडतात, आणि ॲल्युमिनियमला थेट टेकलेला असला तर ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजतं. आमचं मत स्पष्ट आहे: दर आठवड्याला धावणाऱ्या गाडीला कार्बन नको.

ॲल्युमिनियम घ्यायचं तर ५०५२-एच३२ या मिश्रधातूचं. ६०६१-टी६ कडक असतं, पण घट्ट घडी घातली की बाहेरच्या बाजूने तडकतं. ३००३ छान वळतं, मात्र मऊ असल्याने ढेकूळ लागलं की पोचा पडतो. घडीची रेघ मार्करने मारा, टोकदार सुईने कधीच नाही, कारण त्याच ओरखड्यातून पुढे चीर निघते. घडी शक्यतो पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेला आडवी घाला.

सपाट पत्र्याचा खरा शत्रू हवा आहे. ताशी १६० किमी वेगाला हवेचा गतिज दाब सुमारे १२०० पास्कल असतो. छताच्या आत-बाहेर त्याच्या एक तृतीयांश फरक धरला, तरी छताला ६५ किलोंच्या आसपास उचल बसते. कडा पक्क्या आणि मधे आधार नाही, अशा वेळी मधला भाग डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर करतो आणि रिव्हेटभोवती (पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांभोवती) भेगा धरतात. म्हणून मधून १९ मिमीची पातळ ॲल्युमिनियम नळी आडवी द्या आणि ती पॉलियुरेथेन ॲडहेसिव्हने आतून चिकटवा, म्हणजे वरून भोकं पडत नाहीत. केजच्या वरच्या नळीपासून छत किमान २५ मिमी वर हवं. कुठे टेकतच असेल तर मधे फोमची पट्टी लावा, नाहीतर घासून आरपार भोक पडतं.

बहुतेकांनी फायबरग्लासच घ्यावा. साच्यातली गोलाई त्याला मुळातच ताठ ठेवते, आणि मार बसला तरी तो बराचसा वाकून परत येतो. विकत घेताना छत उलटं करून आतून बघा. पांढुरके, कोरडे डाग म्हणजे तिथे रेझिन, म्हणजे काचेचे धागे बांधून ठेवणारी राळ, मुरलेलंच नाही. नाण्याने ठोकत जा. आवाज बद्द आला तर थर सुटलेले आहेत. फायबर फुटतो तो भोकांपाशी. ३/१६ इंची मोठ्या डोक्याचे रिव्हेट वापरा आणि मागे वॉशर द्या. चपट्या, आत बसणाऱ्या डोक्याचे नकोत, ते पाचरीसारखे भोक फाडतात. पुढच्या कडेला पाव फेरीत उघडणारी झूस बटणं लावली तर छत पटकन निघतं, पण त्यांच्याही मागे ॲल्युमिनियमची पट्टी हवी.

चीर दिसली की तिच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग आतल्या बाजूने, जाडीच्या बारा पट रुंद असा उतार घासा, ॲसिटोनने पुसा आणि ४५० ग्रॅम (दर चौरस मीटर) मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या न विणलेल्या चादरीचे, दोन-तीन थर द्या. एक थर साधारण १ मिमी भरतो. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट पॉलिएस्टर रेझिन आणि त्यात दीड टक्क्याच्या आसपास हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) पुरतो. छत इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनचं असेल तर पॉलिएस्टर त्यावर नीट धरत नाही. तिथे इपॉक्सी आणि विणलेलं कापडच वापरा. साधी मॅट इपॉक्सीत नीट भिजत नाही, कारण तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरिन या द्रावकाने विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरिन नसतं.

नव्या छतावर साच्याचं मेण राहिलेलं असतं. वॅक्स रिमूव्हरने दोनदा पुसल्याशिवाय नंबरचा स्टिकर लावू नका. कोपरे सुटून तो पहिल्याच रात्री उडतो, आणि वरून लॅप मोजणाऱ्यांना गाडी ओळखता येत नाही.